देणगी कुणाची?
सोळाव्या वर्षी लेकाने बेळगावची तालीम सोडली. मॅटवर घासून त्याचा डावा कान कायमचा सुजलाय. लंगोट मात्र त्याने स्वतः धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिला. गावकरी म्हणतात, देवाने दिलेलं अंग वाया घालवलं. कणकुंबीच्या माउली देवीपुढे बसून मी विचार करते: देणगी देवाची, तर हिशेब आईने का मागावा? अर्ध्यावर वाट सोडणारं माझंच पोर पहिलं नाही. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनायक भावे मध्येच सुरतेला उतरले आणि काशीला गेले. तेच विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले. माझ्या पोराने विनोबा व्हावं असं नाही. सुखाने जेवला तरी पुरे. गीता म्हणते, कर्माच्या फळावर अधिकार नाही, मग पोराच्या पदकावर माझा कुठला? आईबापांनो, पोर थांबतो म्हणालं, तर त्याला थांबू द्या.