उकिरडा वेस कोणी बांधली?

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय ३ (विशेषतः वचने ५, ८ व १४)



नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उपासनेत क्वचितच वाचला जातो. त्यात बहुतेक नावेच आहेत, आणि ती उच्चारताना वाचणाऱ्याची जीभ अडखळते. परंतु यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा कोणी, कोठून कोठपर्यंत बांधला, ह्याची ती नोंद आहे. आणि नोंद ठेवणारा मोठा चोख होता. प्रमुख याजकाने मेंढे वेस बांधली. सोनारांनी एक भाग उचलला, त्यांच्या शेजारचा भाग सुगंधी द्रव्ये करणाऱ्यांपैकी एकाने. एका अधिकाऱ्याच्या मुलीही बापाबरोबर बांधकामास आल्या. आणि तकोवाच्या सरदारांनी कामास मान वाकवली नाही, हेही लेखकाने गाळलेले नाही.

ह्या यादीत चौदाव्या वचनी मल्कीया बिन रेखाब नावाचा मनुष्य येतो. तो बेथ-हक्करेम परगण्याचा अधिकारी. बेथ-हक्करेम म्हणजे द्राक्षमळ्याचे घर. इंदापूर-बारामतीकडच्या वाचकांना अशा परगण्याची कल्पना सहज यावी : द्राक्षांचे मांडव, पाणी, पैका, आणि त्याबरोबर येणारा मान. असा हा मनुष्य कोणती वेस बांधावयास घेतो? उकिरडा वेस. नगराच्या दक्षिणेस, हिन्नोमाच्या खोऱ्याकडे, ज्या दारातून गावाची सारी घाण बाहेर जात असे ती वेस. त्याने ती बांधली, तिला कवाडे बसवली, कड्या व अडसर घातले. त्याच्या हुद्द्याचा उल्लेख आणि त्याच्या कामाचा उल्लेख एकाच वाक्यात आहे, आणि लेखकाला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. विसंगत वाटते ते आपल्याला.

आज मी आपल्या उकिरडा वेशीविषयी, म्हणजे घराच्या व प्रार्थनामंदिराच्या संडासाविषयी लिहिणार आहे. हा विषय उपदेशास शोभत नाही असे कोणाच्या मनात येईल, तर त्याने अनुवादाचा तेविसावा अध्याय उघडावा. छावणीबाहेर जागा राखून ठेवावी, हत्यारांबरोबर खणण्याचे एक साधन बाळगावे, आणि शौचानंतर मातीने झाकावे, अशी आज्ञा तेथे इस्राएलास दिली आहे; आणि कारण असे सांगितले आहे की, देव स्वतः त्या छावणीतून फिरतो. ज्या गोष्टीचा परमेश्वराने नियम केला, तिचे नाव घेण्यास आपण लाजावे हे बरे दिसत नाही.

आपल्या भागात लाज आणखी एका कारणाने आहे, आणि ते कारण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ह्या देशात मैला उचलण्याचे काम जन्मावरून लादले गेले. ज्यांच्या पूर्वजांवर ते लादले गेले त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांत सुवार्ता आली. म्हणून आपल्यापैकी एखादा म्हणतो, “ज्या कामातून आम्ही सुटलो तेच पुन्हा हाती कशाला घ्यावे?” ह्या प्रश्नाला मी हलके लेखत नाही. पण बंधूंनो, मंडळीत प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. उपासनेनंतर सतरंज्या सर्वजण गोळा करतात. फुले मांडण्यास तरुण मुली पुढे होतात. पेटी-तबला उचलण्यास मुलांत चढाओढ लागते. आणि मागील बाजूचा संडास? तो मंडळीतल्या सर्वांत गरीब विधवेकडे जातो, किंवा राखणदाराच्या बायकोकडे, किंवा कोणाकडेच नाही. घरातही तसेच. धाकट्या सुनेकडे ते काम येते, आणि घरातला पुरुष ते जन्मभर करीत नाही. म्हणजे गावाने आपल्यावर जे लादले होते, तेच आपण आपल्यातल्या दुबळ्यावर लादले. लादणारा तेवढा बदलला.

तेव्हा सुटका ती कशात? हे काम दुसऱ्याच्या माथी मारण्यात नव्हे. ज्याने घाण केली त्यानेच ती धुतली, आणि सर्वांनी पाळीपाळीने धुतली, म्हणजे त्या कामाचा जातीशी असलेला संबंध तुटतो. महाराष्ट्रात हे ओळखणारी माणसे झाली. १९३२ सालच्या डिसेंबरात रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी भंगीकाम मागितले. ते ब्राह्मण म्हणून त्यांना ते नाकारण्यात आले. त्यावर त्यांनी अन्न सोडले, आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास आरंभला. पुढे आप्पासाहेबांनी कणकवलीस गोपुरी आश्रम काढून साध्या, स्वच्छ संडासाच्या रचनेत कित्येक वर्षे घालविली. गाडगेमहाराजांचा (१८७६-१९५६) खराटा तर आपल्या सर्वांस ठाऊक आहे. २०००-०१ सालापासून चाललेले ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ही माणसे आपल्या मंडळीतली नव्हती. परंतु योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने कमरेस रुमाल बांधून जे केले, ते ह्यांना आपल्यापेक्षा अधिक कळले होते की काय, असे मनात येते.

आता नरसिंहपूरचे पाहू. आपल्या जिल्ह्याचे हे अगदी आग्नेयेचे टोक; नीरा येथे भीमेला मिळते. वैशाखात नृसिंह जयंतीला किती माणसे येतात ते सांगावयास नको. येथून भीमा खाली पंढरपुरास जाते व तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. आपण ह्या काठावर जे उघड्यावर टाकतो ते पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर तिकडे, कोणाच्या तरी ओंजळीत पोहोचते. २०१४ सालानंतर सरकारच्या १२,००० रुपयांच्या साहाय्याने घरोघर संडास झाले. २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचेही जाहीर झाले. पण संडास बांधणे निराळे आणि तो वापरण्याजोगा ठेवणे निराळे. आत गोवऱ्या रचलेले, शेळी बांधलेले संडास कोणी पाहिले नाहीत? लोक पुन्हा नदीकाठी का जातात असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर एकच असते : वास येतो. मल्कीयाने नुसती कमान उभारली नाही, कवाड, कडी व अडसरही बसविला, तो ह्यासाठीच.

वास कोठून येतो हे समजले, म्हणजे अर्धे काम झाले. भांड्याखाली वाकडी नळी असते व तिच्यात बोटभर पाणी कायम उभे राहते. तेच पाणी खड्ड्यातील वायू व माश्या अडवून धरते. ते आटले की वास घरात शिरतो. म्हणून संडास चार दिवस वापरात नसला तरी तांब्याभर पाणी ओतावे. दुसरे कारण भांड्यावरचा पिवळा, खरखरीत थर. ऊस व कालव्याच्या ह्या प्रदेशात पुष्कळ विहिरींचे व बोअरचे पाणी जड आहे. ज्या पाण्याने पातेल्याच्या आत पांढरे पुट चढते तेच येथेही चढते. त्यात लघवी मिसळली की चुना घट्ट बसतो, आणि त्या खरखरीतपणात घाण दडून राहते.

हा थर साबणाने जात नाही, राखेने घासूनही पुरता जात नाही. त्याला आंबटच लागते. शिरका, लिंबाचा रस, चिंचेचे दाट पाणी, किंवा वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व दोन चमचे पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून घेतलेले, ह्यांपैकी घरात असेल ते चालते. रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर ब्रशाने दाब देऊन भांड्यातले उभे पाणी शक्य तेवढे मागे ढकलावे, म्हणजे आंबट पाणी पातळ होणार नाही. जुनी चिंधी त्यात भिजवून डागावर चिकटवावी. सकाळी चिंधी काढून घ्यावी, आत सोडू नये. मग काथ्याने किंवा ब्रशाने घासून बादलीभर पाणी एकदम ओतावे. जुना थर एका रात्रीत जात नाही. तीन-चार रात्री लागतात. उकळते पाणी मात्र भांड्यावर कधी ओतू नये, भांडे तडकते.

चिकटपणा, शेवाळ व तेलकट मळ ह्यांना उलट खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा व साबण लागतो. पाय ठेवण्याची जागा व फरशी ह्यांना चाळलेली राख पुरे. तीही सोड्याच्याच जातीची आहे. पण राख भांड्यात लोटू नये, नळीत बसून ती सिमेंटासारखी घट्ट होते. नुसत्या खड्ड्याचा, पाण्यावाचूनचा संडास असेल तेथे मात्र प्रत्येक वेळी मूठभर राख टाकणे फार गुणकारी आहे.

सोडा आणि शिरका एकत्र करण्याची युक्ती हल्ली सर्वत्र सांगतात. फेस मोठा येतो व पाहणाऱ्यास समाधान होते. परंतु आंबटाने सोडा मारला जातो, सोड्याने आंबट, आणि मागे राहते ते बहुतेक खारट पाणी. (काही प्रवचनांचेही असेच होते.) आधी साबण-सोड्याने धुवावे, पाणी ओतावे, आणि मग रात्री आंबट घालावे, असे वेगवेगळे केल्यास दोन्ही आपापले काम करतात.

एक सूचना जिवाशी गाठ असलेली आहे. ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग, कोणत्याही आंबटाबरोबर अथवा बाजारच्या ॲसिडाबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. लहानशा बंद खोलीत तो छाती जाळतो. न धुतलेल्या लघवीवरही ती पावडर टाकू नये. शिवाय दोन शोषखड्ड्यांच्या संडासात ॲसिड, फिनेल व ब्लीचिंग वारंवार ओतले, तर मैल्याचे खत करणारे सूक्ष्म जीवच मरतात. ज्यांना महागाची बाटली परवडत नाही म्हणून वाईट वाटते, त्यांना मी सांगतो की, त्यांच्या खड्ड्याचे त्यात कल्याण आहे.

ह्या दोन खड्ड्यांची रीत नीट समजून घ्यावी. एका वेळी एकच चालू असावा. पाचसहा माणसांच्या घरात तो सुमारे ३ वर्षांनी भरतो. मग चेंबरातून वाट दुसऱ्याकडे वळवावी आणि पहिला झाकून निदान दीड ते दोन वर्षे तसाच ठेवावा. तेवढ्या अवधीत आत जे उरते ते कोरडे, वास नसलेले खत असते. घरच्या माणसाने फावड्याने काढून शेतात टाकावे. ज्या दिवशी वाट वळवली तो दिनांक दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा, कारण दोन वर्षांनी घरात कोणालाच तो आठवत नाही. विहीर खड्ड्यापासून निदान १० मीटर दूर असावी. चिंध्या, पॅड, साली भांड्यात टाकू नयेत. तान्ह्या मुलाचा मैला मात्र ह्यातच टाकावा. तो निरुपद्रवी असतो ही समजूत चुकीची आहे.

ज्यांच्याकडे बंद टाकी, म्हणजे सेप्टिक टँक आहे, त्यांनी ती उपसण्यास कोणाही मनुष्याला आत उतरवू नये. ना मजुराला, ना मुलाला, ना स्वतः उतरावे. आतील विषारी वायूने माणूस हाक मारण्याआधी पडतो, आणि त्याला काढावयास गेलेला दुसराही पडतो. २०१३ च्या कायद्याने अशा रीतीने माणूस उतरविणे हा गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूबद्दल ३० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ठरविले. टाकी यंत्राच्या गाडीनेच उपसावी. गाडीला पैसे पडतात खरे. चारशे रुपये वाचविण्यासाठी शेजारच्या वस्तीतल्या कोणाला तरी बोलाविण्याचा विचार ज्याच्या मनात येतो, त्याने त्या रविवारी प्रभुभोजनास येण्यापूर्वी थांबून विचार करावा.

१ करिंथकरांस बाराव्या अध्यायात पौल शरीराच्या अवयवांविषयी बोलतो. जे अवयव कमी मानाचे वाटतात त्यांनाच आपण अधिक मान देतो, असे तो म्हणतो. मंडळी हे शरीर आहे, असे आपण दर रविवारी कबूल करतो. मग ज्या कामाचा मान कमी, ते करणाराचा मान आपल्या मंडळीत किती आहे, हे पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. सभेत तिला बसावयास जागा कोठे मिळते एवढे पाहावे.

म्हणून प्रचारक बंधूंस व वडीलमंडळींस माझी विनंती अशी आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर एक कागद घ्यावा व पाळीची यादी करावी. पहिल्या आठवड्यापुढे पाळकाचे अथवा प्रचारकाचे नाव असावे, दुसऱ्यापुढे खजिनदाराचे, पुढे वडिलांची, मग घरांच्या क्रमाने सर्वांची, पुरुषांची नावे आधी. आजारी व वृद्ध वगळावेत. आजवर जी बाई हे काम एकटी करीत आली तिचे नाव सर्वांच्या शेवटी लिहावे, आणि तिला त्याबद्दल काही वेतन मिळत असेल तर ते बंद करू नये. तिला दुसरे काम द्यावे. यादी प्रार्थनामंदिराच्या दारावर, सभेच्या सूचनांशेजारी लावावी. शनिवारी सकाळी ७ वाजता मागील बाजूस बादली, काथ्या, साबण, राखेचा डबा आणि चिंचेचे पाणी तयार ठेवावे. काम झाल्यावर ब्रश व काथ्या धुऊन उन्हात टांगावा, हात साबणाने धुवावेत, आणि ज्याची पाळी होती त्याने आपल्या नावापुढे खूण करावी.