दरीतला काळोख

अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे. काळ्या पाषाणाला पडलेली ही प्रचंड भेग. दोन्ही बाजूंना उभे कडे, काही ठिकाणी शेदोनशे फुटांहून उंच, आणि मधली वाट अशी चिंचोळी की वर पाहिलं तर आकाशाची नुसती पट्टी उरते. ऊन तळाशी येतं ते अगदी थोड्या वेळापुरतं. पावसाळ्यात इथे माणसाला शिरकाव नाही, कारण तेव्हा दरीतून पाणी धावतं आणि कड्यावरून कोकणात उतरतं. उन्हाळ्यात मात्र छातीइतकं गार पाणी पार करत आणि दगडांवरून चढउतार करत आत जाता येतं. समोर रतनगड, आजोबा, अलंग-मदन-कुलंग हे डोंगर, आणि दरीचा हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. अभयारण्य 1986 साली जाहीर झालं.

मी लिहिणार आहे ते मात्र या दरीच्या माथ्यावरच्या रात्रीबद्दल. मे सरता सरता, पहिल्या वळवाच्या सरी पडल्या की घाटघर, रतनवाडी, उडदावणे या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ काजव्यांनी भरून जातात. काजवे दिसू लागले म्हणजे पाऊस जवळ आला, हे इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना कुणी शिकवावं लागत नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेले असतात, कौलं शाकारायची घाई असते. आणि त्याच आठवड्यांत शनिवारच्या संध्याकाळी मुंबई, ठाणे, नाशिक, पुण्याहून गाड्यांची रांग भंडारदऱ्याच्या धरणाला वळसा घालत वर येते. प्रत्येक गाडीला दोन दिवे.

काजवा जवळून पाहिला आहे का? बोटाच्या पेराहून लहान, मळकट तपकिरी किडा. दिवसा हातावर बसला तर झटकून टाकाल. पोटाच्या शेवटच्या खंडांत उजेड तयार होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. बऱ्याच जातींत नर उडत उडत ठरावीक लयीत चमकतो. मादी पानावर किंवा खाली गवतात बसून त्याला तिच्या लयीत उत्तर देते. या सवाल-जबाबावर पुढची पिढी अवलंबून असते. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचं. त्याआधी कित्येक महिने तो अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खात जगलेला असतो. म्हणजे झाडावर जो सोहळा दिसतो, त्याची सारी तयारी झाडाखालच्या मातीत होते. अंडीही तिथेच घातली जातात. चांगला फोटो मिळावा म्हणून रस्ता सोडून झाडाखाली पाय रोवणारा माणूस नेमका पुढच्या वर्षीच्या काजव्यांवर उभा असतो.

त्या सवाल-जबाबावर गाडीचा झोत पडला की काय होतं? नर चमकायचा थांबतो, मादीला तो दिसेनासा होतो. झोत गेला की थोड्या वेळाने पुन्हा सुरुवात, तोवर मागची गाडी आलेली. ज्यांच्या हातात मोजक्याच रात्री आहेत त्यांच्या अशा किती रात्री आपण खातो? 2020 साली जगभरातल्या काजवा-अभ्यासकांची मतं एकत्र करून मांडली गेली. काजव्यांपुढच्या मोठ्या संकटांत त्यांनी अधिवासाचा नाश, माणसाचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं यांची नावं घेतली.

झाड तोडणं, शिकार करणं हा गुन्हा आहे, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. पाण्यात प्लास्टिक टाकू नये, हेही आता बऱ्याच जणांना कळतं. पण काळोख मोडणं हे नुकसान आहे, असं आपल्याला वाटतच नाही. उलट उजेड आणणं म्हणजे उपकार, अशी आपली घडण. काजव्यांना तर काळोख पाण्याइतकाच लागतो. प्रवेशशुल्काच्या पावतीवर आपण वाट विकत घेतो, काळोख घेत नाही.

यात फोटोंचा वाटा मोठा आहे आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. समाजमाध्यमांवर झगमगणाऱ्या झाडाचं जे चित्र फिरतं, ते बहुतेक वेळा कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून किंवा एकावर एक अनेक चित्रं रचून केलेलं असतं. कितीतरी मिनिटांच्या लुकलुकी त्या एका चौकटीत साठवलेल्या असतात. डोळ्यांना तसं दिसत नाही. डोळ्यांना दिसते लाट, झाडाच्या एका अंगाने पेटत दुसऱ्या अंगाला विझणारी. माझ्या मते ती चित्रापेक्षा सुंदर असते. पण चित्र मनात धरून आलेल्या माणसाचा विरस होतो. मग तो फांदी हलवतो, टाळ्या वाजवतो, मोबाइलचा दिवा झाडावर मारतो, मुलाच्या हट्टासाठी चार काजवे बाटलीत भरतो. यातला कुणी दुष्ट नसतो. पैसे मोजून, इतक्या लांब आलो म्हणजे दिसलंच पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह असतो. सारी नासधूस या आग्रहातून होते.

मग जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. इथली भातशेती पावसाच्या भरवशावरची, एका पिकाची. पेरणीच्या तोंडावर जेवणं, तंबू, वाटाड्याचं काम यांतून घरात येणारा पैसा खरा आहे. शहरातल्या माणसाने पंख्याखाली बसून तो बंद करा म्हणणं मला पटत नाही. पण किती माणसं, कशी आणि कुठल्या वाटेने, हे ठरवता येतं. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एका तालात चमकणारे काजवे आहेत. तिथे हंगामात गाड्यांचे परवाने सोडत काढून देतात आणि विजेरीवर लाल कागद लावायला सांगतात. नाव आलं नाही तर यंदा नाही. लोक ते मान्य करतात. आपल्याकडे वन विभागाने वेळेची आणि वाहनांची बंधनं घालायला सुरुवात केली आहे, पण गर्दीच्या रात्री ती पाळली जावीत यासाठी माणसं कमी पडतात.

गाड्या गावाच्या अलीकडेच थांबाव्यात, पुढे गावातल्या पोरांबरोबर पायी जावं, हे फार अवघड नाही. त्यात वाटाड्याची कमाई वाढते. यंदा जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या वारी जा, रस्ता सोडू नका, आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत वीसेक मिनिटं फोन खिशात राहू द्या. एका रात्री किती पाहुणे झेपतील, हा आकडा मात्र आपण किंवा सहली नेणाऱ्या कंपन्यांनी ठरवू नये. तो साम्रद, घाटघर, रतनवाडीच्या ग्रामसभांनी वन विभागाबरोबर बसून ठरवावा, शुल्कातला वाटा गावाला मिळावा, आणि तो आकडा भरला की उरलेल्यांना नाही म्हणायचा अधिकारही गावाकडेच असावा.