बायकाच पाळतात, म्हणून?

देवळांतल्या स्त्री-प्रवेशाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "हे नियम पुरुष कुठे लादतात? बायकाच पाळतात आणि बायकाच पाळायला लावतात." अलीकडे एका व्याख्यानमालेत एका नामवंत वक्त्यांनी हेच वाक्य शेवटचा हुकूम टाकावा तसं टाकलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. या वाक्याला सविस्तर उत्तर दिलं पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे.

शनिशिंगणापूरचंच घ्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका तरुणीने बायकांना मज्जाव असलेल्या शनीच्या चौथऱ्यावर जाऊन दर्शन घेतलं, तर शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धी करण्यात आली. पुढच्याच जानेवारीत देवस्थानाच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री आली, आणि तिनेही परंपरेचीच बाजू घेतली. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला १९५६ च्या कायद्याची आठवण करून दिली, की जिथे पुरुषाला जाता येतं तिथे बाईला अडवता येत नाही. हा कायदा साठ वर्षं जागेवरच होता. बायकांसाठी त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. न्यायालयाने सांगितल्यावरही गावाने बायकांना रोखलं, आणि रोखणाऱ्यांत गावच्या बायकाही होत्या. अखेर २०१६ च्या गुढीपाडव्याला चौथरा सर्वांना खुला झाला. म्हणजे वक्त्यांच्या बाजूने साक्षीदार भरपूर आहेत.

पण पाळतात म्हणजे नेमकं काय करतात? ते बघायला शिंगणापूरला जायची गरज नाही. भाद्रपदात कुठल्याही औषधाच्या दुकानात जरा वेळ उभं राहावं. एखादी बाई येते, आवाज खाली आणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागते. "गौरी परवा आहेत," एवढंच सांगते. दुकानदार काही विचारत नाही, दिवसातून तीनदा म्हणतो आणि पाकीट पुढे करतो. डॉक्टरची चिठ्ठी नाही, रक्तदाब किती, पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली होती का, याची चौकशी नाही. ती स्वतःच्या पायांनी आली, स्वतःच्या पैशांनी गोळ्या घेऊन गेली. वक्ते म्हणतील, बघा, कोणी जबरदस्ती केली?

तिने न घेतल्या तर काय होतं ते विचारा. पुरण तिनेच वाटायचं असतं. सोळा भाज्या तिनेच चिरायच्या, गौरींना साड्या तिनेच नेसवायच्या, आरास तिची, नैवेद्याचं ताट तिचं, दुसऱ्या दिवशी भांड्यांचा ढीगही तिचाच. नेमकी त्याच दिवशी ती बाजूला बसली तर सण अडतो, सासूबाईंच्या कपाळाला आठी पडते, जावेवर भार येतो, आणि घरातल्या लहानथोरांना तिच्या शरीराचं वेळापत्रक कळतं. या सगळ्यापेक्षा गोळी सोपी. याला मर्जी म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याच घरातल्या पुरुषाकडून या पूजेसाठी काय मागितलं जातं? आंघोळ. फार तर सोवळं. पूजा ज्याच्या हातून होते त्याला शरीरात काहीच बदलावं लागत नाही. जिच्या कष्टांवर ती उभी राहते तिला आपलं रक्त थांबवावं लागतं. मला राग येतो तो इथे.

"परंपराच तशी आहे," हे पुढचं उत्तर. कुठली परंपरा? तेराव्या शतकात चक्रधरांनी आपल्या शिष्यांना सांगितलं, की शरीराच्या नवद्वारांतून जसे इतर स्राव होतात तसाच पाळीचा हाही एक. त्याचा विटाळ धरायचं कारण नाही. चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी विटाळाचा प्रश्न थेट देहाच्या उत्पत्तीपर्यंत नेला आणि विटाळाविना कोणाचाच देह नाही, हे विठ्ठलालाच सुनावलं. अस्पृश्य आणि बाई, असा दुहेरी विटाळ वाट्याला आलेल्या स्त्रीचं हे बोलणं आहे. तिच्या विठ्ठलाच्या पायांवर आज बायका रांगेने डोकं ठेवतात. पुण्यात थत्ते मामांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली त्यालाही चार दशकांहून अधिक काळ लोटला. तीही आमचीच परंपरा आहे. एवढं सगळं बाजूला सारून फक्त मनाईलाच परंपरा म्हणायचं, ही निवड आहे, आणि निवडीची जबाबदारी निवडणाऱ्यावर येते.

मग उपासनेत स्त्री-पुरुष असा भेद अजिबात नकोच का? तसं म्हणायला मी धजावत नाही. मंगळागौरीची रात्र, भोंडला, जात्यावरच्या ओव्या हा सगळा बायकांनी बायकांसाठी उभा केलेला भक्तीचा संसार आहे. पहाटे जात्याशी बसलेल्या बाईने विठ्ठलाला भाऊ केलं, माहेर केलं, त्याच्याशी भांडण केलं. त्या सलगीसाठी तिने कोणाची परवानगी घेतली नव्हती. समतेच्या नावाखाली हे सगळं सपाट झालं तर मला हळहळ वाटेल. भेद जोवर कोणाला काही देतो तोवर तो राहू द्यावा.

पण याच संसारात आणखी थोडं आत गेलं की हळदीकुंकू लागतं, आणि तिथे मला वक्त्यांचं वाक्य पुरतं मान्य करावं लागतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुरुष नसतो. यादी बाई करते, दार बाई उघडते, वाण बाई देते, आणि शेजारच्या विधवेला बोलवायचं नाही हेही बाईच ठरवते. गेल्या वर्षी जी पहिल्या रांगेत होती ती यंदा यादीतच नाही. तिने काय केलं? तिचा नवरा गेला. म्हणजे ही पूजा बायकांची नव्हतीच, नवरा हयात असलेल्यांची होती. बाईचं स्थान पुरुषाच्या श्वासावर मोजणारा हा नियम राबवायला पुरुषाने हजरही राहावं लागत नाही. "बायकाच पाळतात" याचा खरा अर्थ हा आहे, आणि त्याने प्रथेचा बचाव होत नाही. तिची मुळं किती खोल गेली आहेत एवढंच दिसतं. देवळाचा उंबरा न्यायालयाने ओलांडून दिला. हा उंबरा कुठल्याही याचिकेने ओलांडता येणार नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने लगेच मनं पालटतात असं मी म्हणत नाही. पण त्या गावातल्या एखाद्या सुनेला आता "आपल्यात असं करत नाहीत" म्हणायला ग्रामपंचायतीचा आधार आहे. शहरातल्या सोसायट्यांच्या महिला मंडळांना तर ठरावाचीही गरज नाही. संक्रांतीची यादी त्यांच्याच हातात असते. येत्या जानेवारीत ती करताना सोसायटीतल्या प्रत्येक बाईचं नाव लिहावं, आणि गेल्या वर्षी जिला वगळलं तिच्या घरी आधी जाऊन तिला बोलावावं.