मालिकोत्तर कथा आणि प्रमाणाचा प्रश्न

एखाद्या कल्पित व्यक्तीचा मृत्यू 'खरोखर' झाला की नाही, असा वाद प्रौढ, सुविद्य माणसे वर्षानुवर्षे घालतात, तेव्हा त्याकडे पोरखेळ म्हणून पाहण्याची समीक्षेला सवय आहे. 'बफी द व्हँपायर स्लेयर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांमध्ये तिच्या चित्रकथांवरून झालेला वाद ही सवय तपासून पाहायला लावतो. पिशाच्चांच्या संहारासाठी दर पिढीत एकाच मुलीची निवड होते, या कल्पनेवर उभी असलेली ही मालिका १९९७ ते २००३ या काळात सात पर्वांत, १४४ भागांत प्रक्षेपित झाली. २००७ मध्ये 'डार्क हॉर्स' या प्रकाशनसंस्थेने तिचे 'आठवे पर्व' चित्रकथेच्या रूपात सुरू केले. ४० अंकांनंतर २०११ मध्ये ते संपले.

वादाचे मूळ 'पर्व' या शब्दातच आहे. याच संस्थेने याच पात्रांच्या चित्रकथा १९९८ पासून प्रसिद्ध केल्या होत्या. चाहते त्या वाचत, जपून ठेवत. पण मूळ कथेच्या हिशेबात त्या सहसा धरत नसत. आठव्या पर्वावर मालिकेचे जनक जॉस व्हेडन यांची देखरेख होती, आरंभीचे अंक त्यांनी स्वतः लिहिले होते, म्हणून ते 'प्रमाण' ठरले. माध्यम तेच, प्रकाशक तोच, फरक स्वाक्षरीचा. (ही प्रमाण-अप्रमाणाची भाषा मूळची धर्मग्रंथांची. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये बायबल-चिकित्सेची पद्धत शेरलॉक होम्सच्या कथांना थट्टेने लावून दाखवली. पुढे थट्टा गळाली, पद्धत राहिली.)

स्वाक्षरीला एवढे बळ कोठून येते? नैयायिकांच्या मते शब्दप्रमाणाचा आधार आप्त. वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगू इच्छिणारा तो आप्त. कल्पित कथेत मात्र सांगण्यापूर्वी जाणण्यासारखी वस्तूच नसते. बफीचा गुरू जाइल्स मरण पावला, हे लेखकाला कळत नाही. तो तसे ठरवतो. म्हणजे लेखक आप्त नव्हे, कर्ता आहे, आणि कर्त्याचे वचन असत्य ठरू शकत नाही, असा युक्तिवाद येथे केला जातो. तो सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. परंतु जे पात्र सात पर्वे अनेक लेखकांच्या संवादांतून, एका नटाच्या देहातून आणि प्रेक्षकांच्या स्मरणातून घडत गेले, त्याचा एकमेव कर्ता कोणाला म्हणावे? दूरचित्रवाणीवर जाइल्सच्या प्रत्येक क्षणाला अँथनी हेड यांचा चेहरा साक्षी होता. कागदावरील रेषेला असा साक्षीदार नाही. सगळा अधिकार मग स्वाक्षरीत येऊन साठतो.

आठव्या पर्वाच्या ३९व्या अंकात जाइल्स मारला जातो, आणि तोही बफीने ज्याच्यावर जीव लावला त्या, आता झपाटलेल्या, एंजलच्या हातून. काही चाहत्यांनी हा आघात स्वीकारला. काहींनी मालिका २००३ मध्येच संपली असे मानणे पसंत केले. नकार देणाऱ्यांवर घेतला जाणारा आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे: सुख तेवढे ठेवून दुःख वगळणे हा अप्रामाणिकपणा होय. आक्षेप हलका नाही. ज्या कथेतले नको ते केव्हाही पुसता येते, तिच्यात कशाचीच किंमत मोजावी लागत नाही. परंपरेने आलेल्या कथेतील रसाला प्रतिकूल भाग गाळून नवा कल्पावा, अशी मुभा आनंदवर्धनाने दिली आहे खरी. पण ती कवीला, वाचकाला नव्हे.

तरीही हा आक्षेप नेमका लागू पडत नाही. याच प्रेक्षकांनी पाचव्या पर्वातील बफीच्या आईचा मृत्यू, तो अत्यंत असह्य असूनही, मालिकेचे शिखर मानला आहे. त्यांचे भांडण दुःखाशी नव्हते. मुखवट्याआडचा शत्रू एंजलच निघावा, याला त्याच्या आजवरच्या वर्तनात पुरेसा आधार नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे ती औचित्याची तक्रार होती. पुढे 'एंजल अँड फेथ' या चित्रकथेत जाइल्सला बारा वर्षांच्या मुलाच्या देहात पुन्हा जिवंत करण्यात आले. ज्यांनी प्रमाण मानून शोक केला, त्यांचाच शोक तेथे वाया गेला. मृत्यू पुसण्याचे काम अखेर वाचकाने नव्हे, प्रमाण कथेनेच केले!

याहून मोठी विसंगती कथेच्या गाभ्यात आहे. २००३ च्या अखेरच्या भागात बफी एकीलाच मिळणारी शक्ती जगभरच्या सर्व संभाव्य मुलींना वाटून टाकते. निवड करणाऱ्या मूठभर पुरुषांचा जुना नियम मोडते. या कथेचे पुढे काय झाले हे मात्र एका पुरुषाच्या संमतीने ठरावे, असे तिचे भक्तच म्हणू लागले. २०२१ मध्ये मालिकेतील अभिनेत्री करिश्मा कार्पेंटर यांनी व्हेडन यांच्यावर सत्तेच्या गैरवापराचा जाहीर आरोप केला आणि स्वाक्षरीवर विसंबलेल्यांची अडचण उघडी पडली. लेखकाच्या वर्तनावरून कथेतील घटना खोट्या ठरत नाहीत, हे तर्काला धरून आहे. मात्र ज्यांनी 'त्याने सांगितले म्हणून' एवढ्यावरच त्या घटना मानल्या होत्या, त्यांच्या हाती दुसरा आधार राहिला नाही. कथेच्या अंतर्गत सुसंगतीवरून स्वीकार वा नकार ठरवणारे या पेचात सापडले नाहीत.

या साऱ्या वादात चलच्चित्र-मालिकेचे प्रकरण वेगळेच. बफीच्या शाळकरी दिवसांवरील ही योजना कधीच प्रत्यक्षात आली नाही; २००४ मध्ये तयार केलेला काही मिनिटांचा नमुना तेवढा २००८ मध्ये बाहेर फुटला. त्याच वर्षी आठव्या पर्वाच्या २०व्या अंकात बफी झोपेत याच शैलीने रेखाटलेल्या जगात वावरते. न झालेली मालिका अशा रीतीने प्रमाण कथेत आली, पण स्वप्न म्हणून: बफीला ते स्वप्न पडले एवढे प्रमाण, त्यात घडले ते नव्हे. बाहेर फुटलेल्या त्या नमुन्याला मात्र कोणीच प्रमाण म्हणत नाही. त्यात बफीचा आवाज दुसऱ्या अभिनेत्रीचा आहे. जाइल्सच्या रेखाटलेल्या ओठांतून मात्र अँथनी हेड यांचाच आवाज ऐकू येतो.