करंट, मुंग्या आणि मज्जारज्जूतलं दार

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, स्टेशनजवळच्या गल्ल्यांमध्ये फिजिओथेरपीचं एखादं क्लिनिक सापडतंच. गुडघे धरलेल्या आजी, लोकलमध्ये उभं राहून कंबर गेलेले नोकरदार तिथे ‘करंट घ्यायला’ जातात. त्वचेवर पट्ट्या चिकटवतात, मुंग्या येऊ लागतात आणि काही वेळ दुखणं मागे सरतं. टेन्स नावाचं हे यंत्र झिजलेली कूर्चा भरून काढत नाही. मग आराम कशाने पडतो? याचं उत्तर मिळण्याआधी वैद्यकाला एक फार जुनी समजूत मोडावी लागली.

ती समजूत देकार्तची. 1664मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर फ्रेंचमध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात एक चित्र आहे: विस्तवाजवळ पाय आणि तिथून थेट मेंदूपर्यंत गेलेला धागा. खालून दोरी ओढली की वर घंटा वाजते, तसं दुखणं. म्हणजे जखम जितकी, वेदना तितकी. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही म्हणून ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं आजही रुग्णाला ऐकवलं जातं, त्यामागे हाच हिशेब असतो. मला तो केवळ चुकीचा नाही, क्रूर वाटतो.

पहिला तडा 1903मध्ये गेला. लंडनचे हेन्री हेड यांनी स्वतःच्या हाताची एक संवेदी नस कापून घेतली आणि ती भरून येताना काय जाणवतं, हे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्यासोबत पुढची काही वर्षं नोंदवलं. आधी परतली ती ढोबळ, सहन न होणारी वेदना. नाजूक स्पर्श सावकाश आला आणि तो आल्यावर त्या वेदनेचा जोर ओसरला. हेड यांचे बरेच तपशील पुढे टिकले नाहीत. पण एक संवेदना दुसरीला आवर घालते, हा विचार राहिला.

दरम्यान चेतातंतूंची जाडी आणि वेग मोजता येऊ लागले. अर्लँगर आणि गॅसर यांना 1944चं नोबेल त्यासाठीच मिळालं. स्पर्श वाहणारे जाड ए-बीटा तंतू सेकंदाला पन्नासएक मीटर धावतात. बारीक ए-डेल्टा त्याहून मंद, आणि आवरण नसलेले सी तंतू जेमतेम मीटरभर. ठेच लागल्यावर आधी सणक आणि मग ठणका, तो याच फरकामुळे.

सर्वांत बोलका पुरावा मात्र नागिणीने दिला. फोड सुकून महिने उलटले तरी काहींना सुती सदऱ्याचा स्पर्श सोसत नाही. अॅम्स्टरडॅमचे विलेम नूर्डेनबॉस यांनी 1959मध्ये दाखवलं की अशा रुग्णांत जाड तंतू जास्त नष्ट झालेले असतात. आवर घालणारेच गेले, म्हणून दुखणं मोकाट सुटलं.

रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965मध्ये ‘सायन्स’मध्ये हे धागे एकत्र विणले. मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, त्यांच्या मते, एक दार आहे. बारीक तंतू ते उघडतात, जाड तंतू तिथल्या रोधक पेशींना जागं करून ते लोटून घेतात, आणि वरून मेंदूही त्यावर हात ठेवून असतो. मार बसल्याबरोबर आपण ती जागा चोळतो, त्याला आता शास्त्रीय अर्थ मिळाला. दोनच वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी आठ रुग्णांच्या नसांना सौम्य विद्युतस्पंदनं दिली. त्यातल्या चौघांना दोन मिनिटांच्या करंटनंतर अर्ध्या तासाहून अधिक आराम पडला. जाड तंतू कमी विजेवर जागे होतात, यावरच सगळी भिस्त होती. म्हणून आजही क्लिनिकमध्ये मुंग्या ठळक याव्यात पण झोंबू नये, इतकाच करंट ठेवतात.

मुंबईत या करंटच्या उपचाराला आयती जमीन होती. पोलिओच्या साथीनंतर, 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, परळच्या केईएममध्ये देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं होतं.

मेलझॅक आणि वॉल यांच्या दाराच्या सिद्धांतातली जोडणी मात्र जशीच्या तशी खरी ठरली नाही. पीटर नेथन यांनी 1976मध्ये त्याची कठोर चिकित्सा केली, आणि वॉल यांनी 1978मध्ये तो नव्याने मांडला. मोठा विचार असाच दुरुस्त होत जगतो, याचं मला कौतुक वाटतं. वरून येणारा आवर तर अपेक्षेहून बलवान निघाला: 1969मध्ये डेव्हिड रेनल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूत वीज देऊन भुलीच्या औषधाविना शस्त्रक्रिया केली. 1975मध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना शरीरातलीच अफूसारखी द्रव्यं, एन्केफॅलिन, सापडली. 1978मध्ये, दाढ काढलेल्या रुग्णांना नुसत्या विश्वासाने मिळालेला आराम नॅलॉक्सोन या अफूविरोधी औषधाने पुसला गेला.

‘करंटने बरं वाटतं, पण ते मनाचंच असेल’ असं क्लिनिकमध्ये संकोचून म्हणणाऱ्या बाईंना हा शेवटचा प्रयोग कुणीतरी सांगायला हवा. मनाचा म्हटला जाणारा तो आरामही मज्जारज्जूपर्यंत उतरणाऱ्या तंतूंमधून आणि खऱ्या रसायनांतून येऊ शकतो. आणि गुडघ्याची झीज करंटने भरत नाही, मांडीचे व्यायाम रोज करायचेच आहेत, हेही त्यांना त्याच बैठकीत सांगायला हवं.