विसरायचे काय, आणि कोणी?

वसईच्या किल्ल्याचा विषय निघाला की माणसे १७३९ सालात जाऊन बसतात. कोणी चिमाजी आप्पांचा विजय सांगतो, कोणी पोर्तुगिजांचे जुलूम मोजतो. अशाच एका वादात आमच्यातल्या एका धर्मोपदेशकांनी सगळ्यांना गप्प केले: ख्रिस्ती माणसाने मागचे विसरावे आणि पुढे पाहावे, संत पौलानेच तसे लिहिले आहे. त्यावर एका विवेकवादी अभ्यासकाने सुनावले, की म्हणूनच ख्रिस्ती आशा ही इतिहासाची देणी बुडवण्याची सोय आहे. मला दोघांचेही म्हणणे मान्य नाही. पण अभ्यासकाला उत्तर द्यायचे तर आधी धर्मोपदेशकांना खोडावे लागते.

पौलाचे ते शब्द त्याने फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आहेत. मागचे विसरण्याची भाषा तिसऱ्या अध्यायात येते, पण तिच्याआधी एक यादी आहे: आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी पंथ, आणि धर्मावेशाचा पुरावा म्हणून ख्रिस्ती मंडळीचा केलेला छळ. ही कुळाची आणि कर्तबगारीची घमेंड तो कचऱ्यासारखी टाकतो. तोच छळ करिंथकरांच्या पहिल्या पत्रात मात्र तो स्वतःहून सांगतो, आणि त्यामुळे आपण सगळ्या प्रेषितांत कनिष्ठ आहोत असे म्हणतो. म्हणजे पौल अभिमान विसरला, अपराध विसरला नाही. आपण नेमके उलटे करतो.

एवढ्यावर थांबलो असतो, तर भूतकाळाचे ओझे उतरवा, एवढाच निष्कर्ष निघाला असता. तो पुरेसा नाही. ज्याने मारले त्याने अपराध लक्षात ठेवावा, हे ठीक. पण ज्याने मार खाल्ला त्याने काय करावे? त्याला ‘पुढे पाहा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

इथे जर्मन ईश्वरशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांच्याकडे जावे लागते. १९४३च्या जुलैमध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले, तेव्हा हा सतरा वर्षांचा मुलगा विमानविरोधी तोफांवर होता. शेजारी उभा असलेला मित्र मेला, हा वाचला. पुढे स्कॉटलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन छळछावण्यांची छायाचित्रे त्याच्यासमोर आली. आपण कोणासाठी लढलो, हे त्याला तिथे कळले. १९४७ साली इंग्लंडमधल्या स्वॉनविक इथल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेला काही जर्मन कैद्यांना नेले, त्यांत तो होता. तिथे डच विद्यार्थी त्यांना भेटायला आले. गेस्टापोची दहशत, गमावलेले ज्यू मित्र, उद्ध्वस्त झालेली घरे, हे सगळे त्यांनी सांगितले. ख्रिस्तामुळेच आपण तुमच्याशी बोलू शकतो, हेही सांगितले. ते काहीच विसरले नव्हते. मोल्टमान यांचा आशेच्या ईश्वरशास्त्रावरचा ग्रंथ १९६४ साली आला, त्याच्यामागे हा प्रसंग आहे. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच राहतात. जखम पुसून मिळणारे भविष्य शुभवर्तमानात नाही. जखमेसकट उठणे आहे. म्हणूनच मेलेल्यांनाही भविष्य आहे असे ख्रिस्ती माणूस म्हणतो, आणि म्हणूनच त्यांची बाकी ‘जुनी गोष्ट’ म्हणून मिटवू शकत नाही.

आशा माणसाला हात बांधून बसवते म्हणणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंचे केडगाव आठवावे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळाने रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण नेली. १८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिथे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्या मुलींना त्यांनी शिकवले, कामाला लावले. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचे मराठी भाषांतरही पुरे केले. आई-वडिलांची भूक त्या विसरल्या असत्या, तर त्या मुली वाचल्या नसत्या. रमाबाई नुसत्या भुकेच्या आठवणीत बसल्या असत्या, तरीही मुली वाचल्या नसत्या.

तेव्हा आमच्या धर्मोपदेशकांना माझे सांगणे असे: विसरायला सांगायचेच असेल तर आधी स्वतःच्या समाजाला सांगावे. धर्मांतरापूर्वी आपले घराणे कोणत्या उच्च जातीचे होते, हे आपल्यातली कितीतरी घरे आजही अभिमानाने सांगतात. पौलाच्या यादीतली ही पहिली ओळ आहे. ती टाकावी. आणि त्याच जातीच्या जोरावर आपण चर्चच्या बाकांवर ज्यांना मागे बसवले, त्यांची तक्रार पूर्ण ऐकावी. हे दोन्ही होईल त्या दिवशी ‘पुढे पाहा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळेल, आणि त्या अभ्यासकाला उत्तरही.