धर्माचा निवाडा आणि न्यायमूर्ती आर्नोल्ड

एखाद्या पंथाची शिकवण कोणती आणि ती कितपत ग्राह्य, हे त्या पंथाबाहेरच्या न्यायाधीशाने ठरवावे का, हा प्रश्न मुंबईत सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे चार वर्षांच्या अंतराने दोनदा आला, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो निराळ्या मापाने मोजला. ऑक्सफर्डला काव्यरचनेचे पारितोषिक मिळवलेले आणि कवी ब्राउनिंग यांचे स्नेही असलेले आर्नोल्ड सागरी विम्याच्या कायद्यावरील १८४८ च्या ग्रंथामुळे नावारूपाला आले होते. १८५९ मध्ये ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले.

१८६२ चा खटला अब्रूनुकसानीचा होता. वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गात आचार्यवंशातील महाराजांना कृष्णस्वरूप मानून तन, मन, धन अर्पण करण्याची जी रीत होती, तिच्या आडून चालणाऱ्या व्यभिचारावर करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ पत्रातून टीका केली, तेव्हा जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांवर गुप्तरोगासाठी केलेल्या उपचारांची साक्ष भर कोर्टात दिली. प्रतिष्ठित रुग्णाविरुद्ध असे बोलण्यास लागणारे धैर्य आजही सहज आढळणारे नाही. करसनदासांचे आरोप खरे ठरले. आर्नोल्ड यांच्या मते वाद ईश्वरशास्त्राचा नसून नीतीचा होता, आणि जे नीतीला सोडून आहे ते धर्माच्या नावाने योग्य ठरू शकत नाही. पंथाचा उगम किती जुना, यापेक्षा त्याच्या आचाराने माणसांचे काय होते, हे येथे निर्णायक ठरले.

१८६६ मध्ये खोजा या मुस्लिम जमातीतील सुधारकांनी आपण सुन्नी असल्याचे सांगून, इमाम मानल्या जाणाऱ्या आगाखानांचा जमातीवरील आणि तिच्या मालमत्तेवरील अधिकार नाकारला. या वेळी आर्नोल्ड इतिहासात शिरले. पीर सद्रुद्दीन यांनी या मूळच्या हिंदू समाजाला इस्माइली, म्हणजे शियांच्या एका शाखेची, दीक्षा दिली आणि ‘दशावतार’ हा ग्रंथ जमातीत रूढ झाला. त्यात विष्णूच्या नऊ अवतारांनंतर दहावा अवतार म्हणून हजरत अली येतात. मरणाऱ्याच्या उशाशी ज्या जमातीत हा ग्रंथ वाचला जातो ती सुन्नी कशी, या युक्तिवादाला उत्तर देणे खरोखर अवघड होते. खोजा हे शिया इमामी इस्माइली आहेत आणि आगाखान त्यांचे धर्मप्रमुख आहेत, असा निकाल लागला.

मालमत्ता ज्या श्रद्धेच्या लोकांसाठी दिली गेली त्यांच्याकडेच ती राहावी, हे न्यासाच्या, म्हणजे विशिष्ट हेतूने विश्वस्तांच्या हाती सोपवलेल्या संपत्तीच्या, कायद्याला धरूनच होते. परंतु मालमत्तेपुरते दिलेले उत्तर खोजा म्हणजे कोण याची व्याख्या होऊन बसले, आणि मूळ दीक्षा हेच प्रमाण मानल्यामुळे विवेकाने वेगळा मार्ग धरणाऱ्यांना जमातीबाहेर पडण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. पहिल्या निकालाचे माप म्हणूनच अधिक न्याय्य वाटते, कारण त्यात न्यायाधीश श्रद्धेच्या खरेपणात न शिरता माणसावरील अन्यायापुरते बोलतो. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात धर्माचा आवश्यक भाग त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरवावा असे म्हटले. परंतु त्या सिद्धांतांचा अर्थ पंथातल्याच दोन गटांनी दोन तऱ्हांनी लावला, तर त्यांतला एक निवडण्याचे काम पुन्हा न्यायाधीशाकडेच येते, आणि १८६६ मध्ये आर्नोल्ड यांनी नेमके तेच केले होते.